परतीची अर्धी वाट

बी.ए.च्या वर्गात असताना आम्हांला टेनिसनची 'युलिसिस' ही कविता अभ्यासाला होती. युद्ध व प्रवास आटोपून घरी आलेला, वार्धक्याला टेकलेला आणि तरीही पुन्हा समुद्रावर निघू पाहणारा एक राजा, एवढाच त्या कवितेचा विषय मी परीक्षेपुरता लक्षात ठेवला होता. पुढे राज्य शासनाच्या महसूल खात्यात आयुष्याची साडेतीन दशके गेली आणि ग्रीक पुराणकथांशी संबंध उरला नाही. सेवानिवृत्तीनंतर मात्र या कवितेच्या मुळाशी असलेले होमरचे 'ओडिसी' हे महाकाव्य इंग्रजी अनुवादातून पहिल्या सर्गापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचून काढले. त्या वाचनात एक गोष्ट अशी आढळली की, जिच्यामुळे या काव्याविषयीची माझी सारी समजूतच बदलून गेली.

आपण सर्वजण 'ओडिसी' म्हणजे समुद्रप्रवासाची कथा असे समजतो. इंग्रजीत तर लांबच्या, खडतर प्रवासाला हाच शब्द रूढ झाला आहे. एकाक्ष राक्षस, गाणाऱ्या सायरेनी, माणसांची डुकरे करणारी चेटकीण या गोष्टी ज्यांनी मूळ काव्य पाहिलेले नाही त्यांनाही ठाऊक असतात. वस्तुतः चोवीस सर्गांच्या व सुमारे बारा हजार ओळींच्या या काव्यात या अद्भुत प्रवासाला अवघे चार सर्ग, नववा ते बारावा, वाट्याला आले आहेत. तेराव्या सर्गाच्या आरंभीच नायक आपल्या इथाका बेटाच्या किनाऱ्यावर उतरतो. म्हणजे काव्य निम्मे शिल्लक असतानाच तो मायभूमीला पोहोचलेला असतो! उरलेले बारा सर्ग किनाऱ्यापासून घराच्या शेजघरापर्यंतचे आहेत. कवीने ही अर्धी वाट इतकी लांब का केली असावी, हा प्रश्न मला त्या वेळेपासून सोडीत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेण्याचा विचार आहे.

प्रथम कथासूत्र थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इथाकाचा राजा ओडिसियस (लॅटिन परंपरेतील युलिसिस) ट्रॉयच्या युद्धासाठी बारा गलबते घेऊन निघाला, तेव्हा त्याचा मुलगा टेलेमाकस तान्हा होता. दहा वर्षे युद्ध चालले. लाकडी घोड्याच्या युक्तीने ट्रॉय पडले. त्यानंतर परत येण्यास आणखी दहा वर्षे लागली. या वीस वर्षांत त्याची पत्नी पेनेलोपी हिच्याशी विवाह करण्याच्या इच्छेने १०८ उमराव वाड्यात ठाण मांडून बसले आणि त्याच्याच गुराढोरांवर व मद्यावर मेजवान्या झोडू लागले. सासरे लाएर्टीस यांच्यासाठी प्रेतवस्त्र विणून झाले की निर्णय देईन, असे सांगून पेनेलोपी दिवसा विणी आणि रात्री उसवी. तीन वर्षे ही युक्ती चालली. चौथ्या वर्षी एका दासीने ती फोडली.

ग्रीक भाषेत युद्धावरून घरी परतण्याला 'नोस्टोस' असा स्वतंत्र शब्द आहे आणि अशा परतीच्या कथा सांगण्याची एक परंपराच तेथे होती. ट्रॉयहून निघालेल्या वीरांपैकी वृद्ध नेस्टर सुखरूप पोहोचला. मेनेलाउस वाट चुकून इजिप्तपर्यंत भरकटला व आठव्या वर्षी परतला. धाकटा अजॅक्स बुडून मेला. सर्वांचा सेनापती आगामेम्नॉन हा विनासायास घरी पोहोचला खरा, परंतु पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा व तिचा प्रियकर एजिस्थस यांनी त्याचा घात केला. होमर ही आगामेम्नॉनची कथा काव्यात पुनःपुन्हा आणतो. अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकी जातो, तेव्हा आगामेम्नॉनचा प्रेतात्मा त्याला बजावतो की, उघडपणे घरी जाऊ नकोस, गलबत गुपचूप किनाऱ्याला लाव. समुद्राहून उंबरठा अधिक घातक असू शकतो, ही जाणीव काव्याच्या पूर्वार्धातच अशी पेरून ठेवलेली आहे.

दहा वर्षांचा हिशेब मांडून पाहण्याची सवय मला नोकरीने लावली. ट्रॉय हे शहर आजच्या तुर्कस्तानात डार्डनेल्सच्या मुखाशी होते. इथाका ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रात आहे. काव्यातच नेस्टर सांगतो की, डायोमेडीसची गलबते चौथ्या दिवशी अर्गोसला लागली. म्हणजे अनुकूल वारा असता हा मार्ग काही दिवसांचा होता. ओडिसियसच्या दहा वर्षांपैकी सात वर्षे कॅलिप्सो या देवतेच्या बेटावर गेली आणि एक वर्ष सर्सी या चेटकिणीच्या घरी. प्रत्यक्ष भटकंती दोन वर्षांच्या आतलीच. बाकीचा सारा काळ अडकून पडण्याचा, आणि सर्सीपाशी तर स्वेच्छेने रमण्याचा. वर्ष उलटल्यावर त्याच्या सोबत्यांनीच त्याला घराची आठवण करून दिली, हे कवी लपवीत नाही.

या भटकंतीतील दोनच प्रसंगांकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वाऱ्यांचा स्वामी एओलस याने सर्व प्रतिकूल वारे एका चामड्याच्या थैलीत बांधून ओडिसियसच्या स्वाधीन केले होते. नऊ दिवस व नऊ रात्री तो स्वतः गलबत हाकीत राहिला. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागले, इतके जवळ की किनाऱ्यावर शेकोट्या पेटविणारी माणसे दिसत होती. नेमकी तेव्हाच त्याला झोप लागली. थैलीत सोनेनाणे असावे आणि धनी ते एकटाच घेणार, या संशयाने सोबत्यांनी ती सोडली आणि सुटलेल्या वाऱ्यांनी सर्वांना पुन्हा एओलसच्या दारी नेऊन टाकले. राक्षसाच्या कृत्यापेक्षा हा प्रसंग मला अधिक भयंकर वाटतो. येथे कोणी शत्रू नाही. दहा वर्षे एकत्र लढलेल्या माणसांतला अविश्वास तेवढा आहे.

दुसरा प्रसंग फेएशियन लोकांच्या राजसभेतला. सारे सोबती गमावून, एकटा व वस्त्रहीन अवस्थेत ओडिसियस त्यांच्या किनाऱ्याला लागतो. त्याचे नावही न विचारता राजा त्याचा सत्कार करतो. सभेत डेमोडोकस हा अंध गायक ट्रॉयच्या पाडावाचे गीत गातो आणि ते ऐकताना ओडिसियस रडू लागतो. त्या रडण्याला होमरने दिलेली उपमा विलक्षण आहे. नगरापुढे पडलेल्या पतीच्या देहाला मिठी मारून आक्रोश करणारी आणि शत्रूचे सैनिक भाल्यांनी ढोसून दास्यात नेत असलेली स्त्री जशी रडेल, तसा तो रडतो. ट्रॉयच्या स्त्रियांवर ओडिसियसने व त्याच्या साथीदारांनी जे ओढवले, नेमके तेच दुःख कवी विजेत्याच्या डोळ्यांत ठेवतो. आपले नाव सांगण्याचे बळ त्याला त्या रडण्यानंतर येते आणि मग तो चार सर्गांची प्रवासकथा सांगतो.

आता हे सारे कितपत खरे, असे इतिहासप्रेमी वाचक विचारतील. हाइनरिख श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने १८७० च्या दशकात हिसार्लिक येथील टेकडी खणली. ही जागा ट्रॉयची असावी, हे फ्रँक कॅल्व्हर्ट यांनी त्याला सुचविले होते. त्या टेकडीत एकावर एक अशा नऊ मुख्य वस्त्या सापडल्या. श्लीमानने घाईघाईने खोल चर मारून वरच्या थरांची बरीच हानी केली आणि ज्या दागिन्यांना त्याने राजा प्रायमचा खजिना म्हटले, ते प्रायमच्या कल्पित काळाच्या हजारएक वर्षे आधीचे निघाले. तरी इ.स.पूर्व १२०० च्या सुमारास येथे एक तटबंदीचे नगर होते व ते १२०० ते ११८० च्या दरम्यान उद्ध्वस्त झाले, एवढे आज मान्य आहे. दहा वर्षांचे युद्ध, लाकडी घोडा, ओडिसियस यांना मात्र पुरावा नाही.

माझ्यासारख्या महसुली माणसाला अधिक आनंद दिला तो पायलॉसच्या मातीच्या पाट्यांनी. कार्ल ब्लेगेन यांना १९३९ मध्ये नैऋत्य ग्रीसमध्ये एक जळालेला राजवाडा सापडला, आणि त्यात शेकडो पाट्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने ती लिपी उलगडली आणि तिची भाषा ग्रीक असल्याचे दाखवून दिले. वीरगाथा मिळतील या आशेने जगाने त्या पाट्यांकडे पाहिले. निघाले काय, तर दफ्तर! जमिनींचे वाटप, ब्राँझचे वजन, मेंढ्यांची मोजदाद, किनाऱ्यावर पहारा ठेवणाऱ्यांच्या नेमणुका, प्लेउरॉन नावाच्या ठिकाणी जाणाऱ्या तीस वल्हेकऱ्यांची यादी. अकिलीस हे नावही पाट्यांत आढळते, पण ते सामान्य माणसाचे नाव म्हणून. ओडिसियस तेथे नाही. कच्च्या मातीच्या या पाट्या टिकल्या त्या राजवाडा जळाला म्हणून. आगीने त्या भाजून निघाल्या.

ती आग एकट्या पायलॉसची नव्हती. इ.स.पूर्व १२०० च्या आगेमागे मायसिनी, टिरिन्स येथील राजवाडे कोसळले, हिटाइट साम्राज्याची राजधानी हत्तुसा ओस पडली, सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारिट नष्ट झाले. ग्रीसमध्ये लिपीच विस्मरणात गेली. पुढे सुमारे चारशे वर्षांनी, इ.स.पूर्व आठव्या शतकात, फिनिशियन लोकांकडून वर्णमाला घेऊन ग्रीक पुन्हा लिहू लागले आणि त्याच सुमारास वा थोड्या अवधीने होमरच्या नावाने ओळखली जाणारी महाकाव्ये आकाराला आली. मधल्या अंधाऱ्या काळात कथा टिकल्या त्या गायकांच्या मुखी. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरून निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. अवदो मेजेदोविच या गायकाने १९३५ मध्ये त्यांना बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य गाऊन दिले. जवळपास 'ओडिसी'एवढेच! ठरीव शब्दसमूह व प्रसंगांचे ठरीव साचे यांच्या आधाराने गायक काव्य दर वेळी नव्याने रचतो, हे त्यातून सिद्ध झाले. घरे जळाली, दप्तरे बुडाली आणि परतीची गाणी तेवढी राहिली, अशा समाजाचे हे काव्य आहे. परतीच्या प्रश्नाला त्यात एवढे स्थान मिळाले, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

आता इथाकाच्या किनाऱ्याकडे वळू. फेएशियन नाविक झोपलेल्या ओडिसियसला अलगद वाळूवर ठेवून निघून जातात. तो जागा होतो आणि भोवती पाहून विलाप करतो की, आपण हे कोणत्या परक्या देशात येऊन पडलो! ज्या भूमीसाठी त्याने कॅलिप्सोने देऊ केलेले अमरत्व नाकारले, तीच भूमी त्याला ओळखू येत नाही. अथीना देवीने धुके पसरले होते, असे कारण कवी देतो. ते कारण आपण मान्य करू, पण वीस वर्षांनी गावी गेलेल्या कोणत्याही माणसाला त्या धुक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. धनगराच्या वेषात आलेल्या अथीनेने हे इथाका आहे असे सांगितल्यावरही तो आपली खरी ओळख देत नाही. मी क्रीटचा, असे तो खोटेच सांगतो. देवी हसते.

येथून पुढे सुरू होते ती ओळख पटण्याची मालिका. भिकाऱ्याच्या वेषात तो प्रथम डुकरे राखणाऱ्या युमेअसच्या खोपटात उतरतो. मुलगा टेलेमाकस तेथे येतो. त्याला बापाची आठवणच नाही, त्यामुळे ओळख सांगितल्यावरही तो आधी विश्वास ठेवीत नाही. वाड्याच्या दाराशी उकिरड्यावर आर्गस हा म्हातारा, गोचिडांनी भरलेला कुत्रा पडलेला असतो. ओडिसियसनेच त्याला पिलू असताना वाढविले होते. तो आवाज ओळखतो, शेपूट हलवितो, कान पाडतो, पण जवळ येण्याचे त्राण त्याच्यात नसते. ओडिसियस युमेअसच्या नकळत अश्रू पुसतो आणि पुढे जातो. त्याला थांबता येत नाही, कारण थांबला तर ओळखला जाईल. वीस वर्षांनी धन्याला पाहून आर्गस तेथेच प्राण सोडतो. वाड्यातील वृद्ध दाई युरिक्लिआ या भिकाऱ्याचे पाय धुते आणि तरुणपणी रानडुकराने मारलेल्या जखमेचा वण तिच्या हाताला लागतो. पाय तिच्या हातून सुटतो, घंगाळ कलंडते, पाणी सांडते. त्याच क्षणी ओडिसियस तिचा गळा धरून तिला गप्प करतो. जिने त्याला अंगाखांद्यावर खेळविले, तिचा गळा! घर अद्याप रणभूमीच आहे.

घराची परीक्षा घेतल्यावाचून घरात पाऊल ठेवू नये, ही दृष्टी आपल्यालाही अपरिचित नाही. वाल्मीकि रामायणात लंकेहून परतणारा राम अयोध्येत थेट प्रवेश करीत नाही. तो हनुमंताला पुढे पाठवितो आणि आपल्या आगमनाची वार्ता ऐकून भरताच्या मुखावर कोणते भाव उमटतात ते पाहून येण्यास सांगतो. भरताच्या निष्ठेविषयी आपल्याला शंका नसते, तरीही वाल्मीकींना तो प्रसंग आवश्यक वाटला. फरक एवढाच की, रामाला भरत भेटला आणि ओडिसियसला १०८ उमराव.

परीक्षा घेणारा ओडिसियस एकटाच नाही, हे मात्र पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. उमरावांचा निःपात झाला, दाईने धावत जाऊन बातमी दिली, तरी पेनेलोपी धावत येत नाही. ती समोर येऊन गप्प बसते. मुलगा तिला दगडाच्या काळजाची म्हणतो. वीस वर्षांत किती वाटसरू खोट्या बातम्या घेऊन आले व किती जणांनी तिला फसविले, हे तिचे तिला ठाऊक. शेवटी ती दाईला सहज सांगावे तसे सांगते की, यांच्यासाठी तो पलंग शेजघराबाहेर आणून घाल. ओडिसियस संतापतो. तो पलंग हलणार कसा? अंगणात वाढलेल्या जिवंत ऑलिव्ह वृक्षाभोवती त्याने स्वतः शेजघर बांधले होते आणि त्याच वृक्षाचा बुंधा तासून, मुळे तशीच जमिनीत ठेवून, त्याचा पलंगाचा खूर केला होता. हे गुपित त्या दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक. पेनेलोपीला हवी असलेली खूण मिळाली.

मराठी वाचकाला या ठिकाणी पार्वतीबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयी संशय राहिला. पार्वतीबाई १७८३ मध्ये निधन पावेतो सौभाग्यचिन्हे लेवून राहिल्या. मध्यंतरी भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. ज्या स्त्रीचा पती युद्धावरून परतलेला नाही, तिच्या दारी 'मीच तो' म्हणणारा येऊ शकतो, हे काव्यातले कल्पित नव्हे. पेनेलोपीच्या त्या थंड वाटणाऱ्या प्रश्नाचे मोल या इतिहासाच्या उजेडात अधिक कळते. पार्वतीबाईंच्या दारी मात्र खरा कोणी आला नाही.

काव्याचा हा उत्तरार्ध सर्वस्वी गोड आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. धनुष्याच्या पणात बारा कुऱ्हाडींमधून बाण सोडल्यावर ओडिसियस दारे बंद करून सर्व उमरावांना ठार करतो. त्यांच्याशी संगनमत केलेल्या बारा दासींना आधी प्रेते उचलायला व रक्त धुवायला लावून मग फासावर लटकविले जाते. दासींना संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कितीसा होता, हा प्रश्न अलीकडचे अभ्यासक विचारतात. 'ओडिसी'चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारी पहिली स्त्री एमिली विल्सन हिने २०१७ मध्ये दाखवून दिले की, या दासींसाठी पूर्वीच्या काही अनुवादकांनी वापरलेले हीन शब्द मुळात नाहीतच. होमर शिवी देत नाही. जाळ्यात अडकलेल्या पाखरांप्रमाणे त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, एवढे तो सांगतो. मारल्या गेलेल्यांचे बाप व भाऊ शस्त्रे घेऊन चालून येतात आणि अथीना मध्ये पडली नसती तर इथाकाचेच ट्रॉय झाले असते.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी २००२ मध्ये 'ओडिसियस इन अमेरिका' हे पुस्तक लिहिले. रात्री झोप न लागणे, सर्वांवर संशय, खरे नाव व खरी हकीकत न सांगणे, किरकोळ कारणावरून हात उगारणे, ही आपल्या रुग्णांची लक्षणे त्यांना होमरच्या नायकात दिसली. युद्धात जी सावधगिरी जीव वाचविते, तीच घरी आल्यावर घर मोडते. दाईचा गळा धरणारा हात मला त्या दृष्टीने पुन्हा दिसला. उत्तरार्धाचे बारा सर्ग का, या माझ्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे. माणूस किनाऱ्याला एका रात्रीत लागतो. त्याच्यातला योद्धा घरी यायला फार वेळ लागतो.

दुसरे उत्तर पेनेलोपीच्या भेटीत आहे. पलंगाची खूण पटल्यावर ती त्याच्या गळ्यात पडते, आणि तेथे होमर एक उपमा देतो. गलबत फुटून समुद्रात पडलेले, मिठाने अंग माखलेले थोडे लोक पोहत किनाऱ्याला लागतात, तेव्हा त्यांना जमीन जशी प्रिय वाटते, तसा तिला पती वाटला. ही उपमा ओडिसियसच्या अनुभवाची आहे, परंतु कवी ती देतो पेनेलोपीला! उंबरठा न ओलांडलेली ही स्त्रीही वीस वर्षे समुद्रातच होती. परत येणारा एकच नसतो. घर सोडून गेलेला आणि घर धरून राहिलेली, दोघांनाही एकमेकांपर्यंत पोहावे लागते.

आणि तरीही प्रवास संपत नाही. त्याच रात्री ओडिसियस तिला द्रष्ट्या टायरेसियसचे भविष्य सांगतो. खांद्यावर वल्हे घेऊन त्याला अजून देशोदेशी चालत जायचे आहे. ज्या प्रदेशातील लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, जे वल्ह्याला धान्य उफणण्याचे अवजार समजतील, तेथे ते वल्हे जमिनीत रोवून पोसायडनला बळी द्यायचा, मगच शांती. ज्या समुद्राने सर्व काही हिरावले, त्याचे नावही जेथे ठाऊक नाही तेथे जाऊन त्याची साक्ष द्यायची, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आजचे इथाका सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे डोंगराळ बेट आहे. काव्यातील वर्णन त्याच्याशी सर्वस्वी जुळत नाही आणि शेजारच्या केफालोनिया बेटाचा पश्चिम भाग हेच होमरचे इथाका, असा पक्षही मांडला गेला आहे. मात्र इथाकावरील पोलिस उपसागराच्या एका गुहेत सिल्व्हिया बेंटन यांना १९३० च्या दशकात इ.स.पूर्व नवव्या-आठव्या शतकातील ब्राँझच्या तिवया मिळाल्या, तसेच उत्तरकालीन मातीच्या मुखवट्याचा एक तुकडा, ज्यावर ओडिसियसला केलेल्या नवसाचा उल्लेख कोरलेला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तरी तेथील लोक त्याला आपला मानीत होते. त्याच बेटावरचे असंख्य लोक आधुनिक काळात पोटासाठी ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत गेले आणि १९५३ च्या भूकंपानंतर गावे अधिकच रिकामी झाली. परतीच्या महाकाव्याची भूमी स्वतःच परागंदा झालेल्यांची भूमी झाली आहे.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द पुष्कळांना प्राचीन ग्रीक वाटतो. तो तसा नाही. योहानेस होफर या वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल येथे आपल्या प्रबंधासाठी 'नोस्टोस' म्हणजे परत येणे आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना हे दोन शब्द जोडून तो घडविला, आणि तो एका रोगाचे नाव म्हणून. मायभूमीपासून दूर राहणाऱ्यांना जडणारा रोग. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात स्थायिक झालेल्या घराण्यांत हा रोग सौम्य स्वरूपात वंशपरंपरेने चालत आलेला आहे, असे थट्टेने म्हणता येईल. आपण मात्र त्याचा विचार करताना स्वतःला नेहमी ओडिसियसच्या जागी कल्पितो. मला वाटते, तेथेच चूक होते.

काव्यातील डुकरे राखणारा युमेअस हा जन्माने गुलाम नव्हे. तो सिरिए नावाच्या दूरच्या बेटावरील राजाचा मुलगा. लहानपणीच दाईच्या फितुरीने फिनिशियन व्यापाऱ्यांनी त्याला पळविले आणि लाएर्टीसला विकले. आपले आईबाप पुन्हा पाहावेत अशी इच्छा तो बोलून दाखवितो. पण त्याच श्वासात सांगतो की, मला त्यांच्यासाठी जेवढे रडू येत नाही तेवढे माझ्या बेपत्ता धन्यासाठी येते. भिकाऱ्याला स्वतःच्या अंगावरचे पांघरूण देणारा, दुसऱ्याच्या घराची वीस वर्षे राखण करणारा हा माणूस कोठे परत जात नाही. ज्या मातीत आणून टाकले त्या मातीलाच त्याने आपले म्हटले. कवीने त्याच्याशी बोलताना त्याला थेट 'तू' असे संबोधले आहे, हा मान ओडिसियसलाही मिळालेला नाही.

माझे खापरपणजोबा कोकणातून इंदुरास आले. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी वडिलांना घेऊन कुलदैवताच्या दर्शनाला गेलो, तेव्हा मूळ गावीही गेलो. घराचे जोते तेवढे उरले होते. शेजारच्या पडवीतून एका वृद्ध गृहस्थांनी, "कोण आपण? कोणाकडचे?" असे विचारले. वडिलांनी कुळाचे नाव सांगितले, पण त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटेना. मग वडिलांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले सांगितले: विहिरीपाशी दोन फणस, मागील दारी एक रातांबा. ते गृहस्थ खाली उतरले आणि म्हणाले, "एक फणस वादळात पडला हो. चला, दुसरा दाखवतो." काव्याच्या शेवटच्या सर्गात ओडिसियस आपल्या वृद्ध बापाला खूण पटविताना लहानपणी बापाने दिलेली झाडे मोजून दाखवितो: तेरा नास्पतीची, दहा सफरचंदाची, चाळीस अंजिरांची आणि द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी. तो सर्ग वाचला तेव्हा मला तो फणस दिसला.

त्या गृहस्थांनी आम्हांला मुक्कामाचा आग्रह केला, जेवू घातले, परसातले कोकम बांधून दिले. संध्याकाळी वडील बराच वेळ जोत्यावर बसून होते. मला वाटले, त्यांना उठवू नये. अंधार पडू लागला तेव्हा ते स्वतःच उठले, धोतराला लागलेली माती झटकली आणि म्हणाले, "चल रे, उद्या सकाळच्या गाडीने घरी जाऊ." घरी म्हणजे इंदुरास.